मंगळवारी सकाळी आठचा मुहूर्त

उमाकाकूंनी मारलेली गाठ माणसाच्या बोटांनी सुटत नसे. माझा पोळ्यांचा डबा त्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधत आणि वर अशी काही गाठ घालत, की दुपारी दीड वाजता ग्रंथालयात डबा काढला की पहिली पाच मिनिटं मला दातांनी झटापट करावी लागे. शेजारच्या टेबलावरचे त्रिपाठीजी चष्मा वर करून म्हणत, "बहनजी, पहले खाना खाइए, कपड़ा बाद में." मी संध्याकाळी तक्रार केली की काकू म्हणत, "गाठ म्हणजे गाठ. सैल गाठीला मी गाठ म्हणत नाही." यमूआत्या, म्हणजे काकूंच्या नणंदबाई, कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या असत. त्या फक्त हसत.

मी साताऱ्याची. ब्याण्णवच्या दिवाळीनंतर विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी लागली म्हणून बनारसला आले आणि राजा घाटामागच्या गल्लीत काकूंच्या घरी वरची खोली भाड्यानं घेतली. घर उपाध्यांचं. काकूंचे यजमान अण्णा महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धार्मिक कामं करत आणि यात्रेकरू खालच्या तीन खोल्यांत उतरत. अण्णा सकाळी पूजा सांगायला बाहेर पडले की दुपारपर्यंत गडप. घरावर राज्य काकूंचं. साठीच्या, ठेंगण्या, नऊवारी नेसणाऱ्या, आणि एकाच वाक्यात मराठीतून निघून हिंदीतून परत येणाऱ्या. "अहो, घबराऊ नका, आधी बसा, पाणी प्या, मग आरामात परेशान व्हा," हे त्यांचं स्वागत. पुढे पुढे मीही तसंच बोलू लागले आणि सुट्टीत घरी गेले की आई कपाळाला हात लावी.

यात्रेकरू काही हौसेचे असत, काही अस्थी घेऊन आलेले. आणि महिन्यातून एखादं कुटुंब तिसऱ्या प्रकारचं असे. आई, वडील, एखादा मामा आणि मध्ये कोणीतरी गप्प बसलेलं किंवा सारखं बोलणारं. गावाकडे कोणीतरी सांगितलेलं असायचं की ह्याला बाहेरचं लागलंय, काशीला न्या, पिशाचमोचन कुंडावर त्रिपिंडी श्राद्ध करा, सुटेल. असं कुटुंब दारात आलं की काकूंचा चेहरा जरासुद्धा बदलत नसे. त्या सरळ पानं मांडायला घेत.

पंगत हा काकूंचा दवाखाना होता. वाढता वाढता त्या बघत. कोण जेवत नाही, कोण पानातलं अन्न हुंगून बघतंय, कोणाच्या हाताला कंप आहे, कोण भिंतीकडे बघून मान हलवतंय. मग मठ्ठा वाढताना सहज विचारल्यासारखे तीन प्रश्न यायचे. झोप किती? जेवण किती? बोलतो कोणाशी? तिसऱ्याचं उत्तर अडखळत आलं तर त्या हळूच पुढे विचारत, "आणि उत्तर कोण देतं?" तेवढ्यात घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागत आणि काकूंना हवं ते कळून जाई.

मग हात पुसून त्या अण्णांकडे जात. तिथे नेहमीचं भांडण होई.

"ह्यांना मंगळवारी सकाळी आठचा मुहूर्त सांगा."

"पंचांगात असा मुहूर्त नाही."

"नाही तर नाही. पण इस्पितळात मनाच्या डॉक्टरांची ओपीडी मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि बाराला खिडकी बंद होते. विश्वनाथ कुठे पळून जात नाही."

अण्णा खोटं बोलत नसत. पण खोट्याच्या शेजारी गप्प बसायला त्यांची हरकत नसे. ते पंचांग उघडून त्यात इतका वेळ बघत बसत की यात्रेकरूंची खात्रीच पटे. मग काकूच जाहीर करत, "त्रिपिंडी होईल शुक्रवारी. पण त्याच्या आधी मंगळवारी सकाळी आठला एक विधी आहे. रिकाम्या हातानं जायचं नाही, जुने कागद, जुन्या गोळ्यांची पाकिटं, सगळं न्यायचं. आणि घरातला सर्वांत कमी बोलणारा माणूस बरोबर हवा." ह्या शेवटच्या अटीचं कारण त्यांनी मला एकदा पोळ्या लाटताना सांगितलं. "जास्त बोलणारा डॉक्टरला गोष्ट सांगतो गं, लायब्ररी. रात्रभर पेशंटजवळ बसलेला माणूस बोलत नाही, पण त्याला सगळं माहीत असतं." मला त्या कायम लायब्ररी म्हणत.

मला हा मुहूर्ताचा कारभार मुळीच पसंत नव्हता. मी पुस्तकांना क्रमांक देणारी बाई. जे आहे तेच पाठीवर लिहायचं, असं माझं मत. मी एकदा म्हटलं, "काकू, सरळ सांगा ना, हे मनाचं दुखणं आहे, त्याला डॉक्टर असतो." काकू म्हणाल्या, "सरळ सांगितलं की सरळ उठून जातात. आणि मग एके दिवशी पोरीला बांधून इमर्जन्सीत नेतात." इमर्जन्सीचं नाव त्या असं घेत जसं काही तिथे त्यांची सवत राहते. एरवी त्यांचा नियम साफ होता. कोणी काही पिऊन बसलं, कापून घेतलं, जिवावर बेतलं, तर धावत इमर्जन्सीत. तिथे कोणाला काही विचारत बसायचं नाही. पण बाकी सगळ्यांनी दिवसाउजेडी, आंघोळ करून, डबा घेऊन, मागच्या इमारतीत लाईन लावायची. "इमर्जन्सीतले डॉक्टर बिचारे मोडलेले पाय बघतील का तुमचं ऐकत बसतील? सुई देतात, झोपवतात, घरी पाठवतात. जागं झालं की पुन्हा तेच."

एकदा मी विचारलं, "तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"वन्संना नेलं होतं ना," त्या म्हणाल्या. "तीनदा सुई, तीनदा परत. चौथ्यांदा दारावरच्या एका आयानं सांगितलं, माताजी, इधर नहीं, पीछे, मंगल को." आणि लगेच त्यांना चुलीवरचं दूध आठवलं. चूल त्या वेळी विझलेली होती हे माझ्या लक्षात आलं.

यमूआत्या त्या वेळी पन्नाशीच्या असतील. गोऱ्या, बारीक, नीटनेटक्या. दिवसभर वाती, निवडणं, टिपणं. बाहेर जायच्या त्या फक्त घाटावर आणि महिन्यातून एकदा काकूंबरोबर ओपीडीत. गोळी घ्यायच्या त्या देवघराच्या दारामागे उभं राहून, पदराआड. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांचे सगळे कागद होते आणि त्या डब्याला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. एकदा गच्चीवर माकडानं त्यांचं गोळ्यांचं पाकीट पळवलं. काकूंनी अर्धा तास फुटाणे दाखवत त्याच्याशी वाटाघाटी केल्या. पाकीट परत आलं ते दोन गोळ्या कमी होऊन. "ते माकड पुढचे दोन दिवस फार समजूतदार वागलं," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

तर भुसावळकडचे रघुनाथराव आले ते अशा घरात. रेल्वेत होते. बरोबर बायको आणि बावीस वर्षांची मुलगी शकू. शकूला भिंतीतून शेजारपाजारचे आवाज यायचे आणि पाण्यात कोणीतरी काही कालवतं असं वाटायचं. तिनं पंगतीत पाण्याच्या भांड्याला हात लावला नाही. काकूंनी एक शब्द न बोलता स्वतःच्या भांड्यातलं अर्धं पाणी प्यायलं आणि ते भांडं तिच्यापुढे ठेवलं. शकूनं बराच वेळ काकूंकडे बघितलं. काकू मरत नाहीत अशी खात्री झाल्यावर तिनं पाणी प्यायलं.

मंगळवारचा मुहूर्त ठरला. आणि तिथे एक गंमत झाली. काकू म्हणाल्या होत्या विधी, म्हणून रघुनाथरावांनी तो विधीसारखा केला. तिघांनी उपास धरला. बायकोनं नारळ, उपरणं, हळदकुंकू घेतलं. ओपीडीत नंबर आल्यावर रघुनाथरावांनी डॉक्टरांच्या टेबलावर नारळ ठेवला, हात जोडले आणि अत्यंत आदरानं त्यांचं गोत्र विचारलं. त्यांच्या बायकोनं डॉक्टरांच्या बुटांवर पाणी सोडलं. डॉक्टरांचे मोजे भिजले. ते सज्जन होते, भिजल्या मोज्यांनी त्यांनी शकूला पाऊण तास तपासलं. पुढच्या खेपेला मात्र काकूंना बाजूला घेऊन म्हणाले, "माताजी, मरीज़ भेजिए. यजमान मत भेजिए."

काकू हे सांगताना इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीही हसले. पोट धरून हसले, खोटं कशाला सांगू.

शकूला गोळ्या सुरू झाल्या. काकूंनी तिच्या आईला बजावलं, "हे व्रत आहे असं समजा. रोज, ठरल्या वेळी, एक दिवस चुकवायचा नाही." त्या बाईंनी ते असं मनावर घेतलं की गोळी देण्याआधी त्या शकूच्या कपाळाला कुंकू लावत. महिनाभर ती तिघं राहिली. तिसऱ्या आठवड्यात शकूनं पिठलं पुन्हा मागितलं. चौथ्या आठवड्यात ती यमूआत्यांजवळ बसून वाती वळायला लागली, आणि एका दुपारी तिनं आत्यांचे केस विंचरून त्यांना सैल वेणी घातली. जाताना शकू काकूंच्या गळ्यात पडून रडली. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, गोळी चालू ठेवा, भुसावळला अमुक ठिकाणी दाखवा.

दोन महिन्यांनी पाकिटातून खडीसाखर आणि पत्र आलं. काकूंचा चष्मा सापडेना म्हणून मी वाचून दाखवलं. "आपल्या आशीर्वादाने चि. शकू खणखणीत आहे. व्रत यथासांग पार पडले. उद्यापन केले, अकरा मेहुणे जेवू घातली. उरलेल्या गोळ्या फुलांसह तापीत सोडल्या."

काकू उभ्या होत्या त्या खाली बसल्या. खडीसाखरेचा खडा त्यांच्या हातातच राहिला. "मी व्रत म्हटलं," त्या म्हणाल्या. "व्रताचं उद्यापन तर करणारच ना माणसं." मग त्या चप्पल न घालता गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, परत येऊन चप्पल घातली आणि तारघरात जाऊन तार केली. गोळी पुन्हा सुरू करा. उत्तर आलं पोस्टानं, आठवड्यानं. मुलगी ठणठणीत आहे, काळजी नसावी, स्थळं बघतो आहोत. काकूंनी त्यानंतर तीन पत्रं माझ्याकडून लिहून घेतली. त्यांत मुहूर्त, विधी, व्रत यातला एकही शब्द नव्हता. त्यांना उत्तर आलं नाही.

होळीनंतर एका रविवारी दुपारी आमच्या गल्लीतला रिक्षावाला दारात आला. स्टेशनवरून त्यानं एक मराठी कुटुंब इमर्जन्सीत सोडलं होतं, मुलीचे हात साडीनं बांधलेले, आणि बाप सारखं ह्याच घराचं नाव घेत होता. काकू पीठ मळत होत्या. तशाच उठल्या. मी बरोबर निघाले. दारात बघते तर यमूआत्या चपला घालून उभ्या, काखेत बिस्किटांचा डबा.

"वन्सं, तुम्ही कुठे?"

"वहिनी, चला," आत्या म्हणाल्या. "उशीर होतोय."

इमर्जन्सीच्या व्हरांड्यात शकू बाकावर बसली होती. सुई दिलेली, डोळे जड, हात अजून बांधलेले. रघुनाथराव काकूंना बघून ताडकन उठले. इतका अदबीचा माणूस, पण त्यांचा आवाज व्हरांडाभर गेला. "तुम्ही व्रत म्हणालात. आम्ही व्रत केलं. उद्यापन केलं. काय चुकलं आमचं, सांगा! मुहूर्त तुमचाच होता ना?"

"तुमचं काही चुकलं नाही," काकू म्हणाल्या. त्यांच्या मनगटाला अजून पीठ होतं. "मी खोटं बोलले. मुहूर्त ओपीडीचा होता. व्रत नव्हतं, दुखणं होतं. गोळी डॉक्टर थांबवा म्हणतील तेव्हाच थांबवायची असते. हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही उठून जाल म्हणून भ्याले."

"मग आता तुमचं काय खरं मानू? आमच्या गावाकडे एक बाबा आहेत म्हणतात, साखळीनं बांधून ठेवतात, सहा महिन्यांत बरं करतात. गाडी संध्याकाळची आहे."

काकू मनगटावरचं पीठ खरवडू लागल्या. मला इतकी भीती वाटली की मी रघुनाथरावांची पिशवी धरून ठेवली, जसं काही पिशवी धरल्यानं माणूस राहतो.

तेव्हा यमूआत्या पुढे झाल्या. परक्या पुरुषाशी बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी डबा बाकावर ठेवून उघडला. आत पिवळे पडलेले कागद, वर्षावर्षाचे, सुतळीनं बांधलेले.

"हे माझे," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं. मलाही ह्याच दारातून आणलं होतं. मलाही बांधून." मग त्यांनी काकूंकडे बघितलं. "हिनंच बांधलं होतं. पोळ्यांच्या डब्याला मारते ना, तश्शी गाठ. आठ दिवस वळ होते."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला त्या दिवशीचं, विझलेल्या चुलीवरचं दूध आठवलं.

"वन्सं, मला दुसरं काही माहीत नव्हतं हो," काकू पदराआडून म्हणाल्या.

"ठाऊक आहे. म्हणून तर सांगते आहे ह्यांना." आत्या शकूसमोर खाली बसल्या आणि तिच्या हातांवरची साडी सोडवायला लागल्या. गाठ घट्ट होती. आत्यांची बोटं वातींना सरावलेली, त्यांना घाई नव्हती. "भाऊ, मी काही वाईट दिसते का?" त्यांनी गाठीवरची नजर न काढता विचारलं. "तुमची मुलगी माझे केस विंचरून गेली. तिचा हात हलका आहे. तिला साखळीजवळ नेऊ नका."

गाठ सुटली. शकूनं मनगटं चोळली आणि डोकं आत्यांच्या खांद्यावर टेकलं. शकूची आई तोवर एकदाही बोलली नव्हती. ती म्हणाली, "गाडी राहू द्या. मंगळवारी सकाळी आठला उघडतं ना?"

घरातला सर्वांत कमी बोलणारा माणूस अखेर बोलला होता. रघुनाथराव भिंतीला टेकून रडले.

त्यानंतर आमच्या घरात मुहूर्त बंद झाला. अण्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काकू आता पंगतीतच स्वच्छ सांगत, "हे दुखणं आहे, औषध आहे, वेळ लागतो, मध्येच सोडायचं नाही." दोन कुटुंबं खरंच उठून गेली. काकू दारापर्यंत त्यांच्यामागे गेल्या, डबा बांधून दिला. पण बाकीची थांबली, आणि ती काकूंच्या बोलण्यानं थांबली असं मला वाटत नाही. जेवण झालं की यमूआत्या आता देवघराच्या दारामागे जात नसत. पंगतीच्या मध्ये येऊन बसत, सगळ्यांसमोर गोळी घेत, वर पाणी पीत आणि शेजारच्या बाईला विचारत, "भाजी कशी झालीये?" लोक आधी गोळीकडे बघत, मग आत्यांकडे, मग भाजीबद्दल बोलायला लागत.

माझ्याकडे पोस्टकार्डांचं काम आलं. गेलेल्या प्रत्येक कुटुंबाला महिन्याला एक. मजकूर एकच: गोळी चालू आहे का? कळवावे. मी त्यांची यादी केली, गावाप्रमाणे लावली. "बघ, शेवटी लायब्ररी कामाला आली," काकू म्हणाल्या. शकूचं उत्तर दर महिन्याला येई, तिच्याच अक्षरात. "गोळी चालू आहे. उद्यापन केलेले नाही." मग पुढे घरच्या गप्पा. शिवणाचा क्लास, वडिलांची बदली. एका कार्डावर तिनं लिहिलं होतं की भिंतीतले आवाज कधीमधी येतात, पण आता ते लांबून येतात आणि ती डॉक्टरांना सांगते. ते कार्ड काकूंनी देवाच्या फोटोमागे ठेवलं.

सत्त्याण्णव साली मला पुण्याला नोकरी मिळाली. निघाले तो दिवस मंगळवारच होता, माझी गाडी सकाळची. मी ट्रंक घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले तर काकूंची रिक्षाही तिथेच उभी, मागे आणखी एक. काकू आत बसलेल्या, मांडीवर डबा. खाली यमूआत्या आणि नगरकडचे एक शाळामास्तर, चाळिशीचे. आदल्या दिवशी आले होते. मास्तरांची बायको त्यांचा दंड धरून विनवत होती आणि मास्तर रिक्षात चढायला तयार नव्हते. हात मागे बांधून उभे होते, स्वतःचेच स्वतः.

मला वाटलं काकू आता निरोपाचं काही बोलतील. त्या म्हणाल्या, "लायब्ररी, बघत काय उभी राहिलीस? जा, बर्थवर कोणी बसेल. इकडे माझी लाईन सुटतेय." त्यांचे डोळे भरले होते, पण लक्ष मास्तरांवर होतं.

यमूआत्यांनी काकूंच्या मांडीवरचा डबा उचलला आणि मास्तरांपुढे धरला. "मास्तर, एवढी गाठ जरा सोडता का? आमच्या वहिनीची गाठ मला एकटीला सुटत नाही. आणि न खाता काही मी तिथे बसणार नाही."

मास्तरांनी गाठीकडे बघितलं. मग मागचे हात पुढे आले. त्यांनी एक टोक ओढून पाहिलं, दुसरं पाहिलं, मान हलवली. "ही उभ्या उभ्या नाही सुटायची," ते म्हणाले, आणि डबा घेऊन रिक्षात काकूंशेजारी बसले. आत्या आणि मास्तरांची बायको मागच्या रिक्षात बसल्या. दोन्ही रिक्षा निघाल्या. वळणापर्यंत मला मास्तरांचं वाकलेलं डोकं दिसत होतं, आणि काकू त्यांच्या हातांत बोटं घालून त्यांना आपणच मारलेली गाठ सोडवायला मदत करत होत्या.